घाईचे आभार

वियारिका, १२ जानेवारी १९९८

प्रिय इदा,

मातेची कृपा तुझ्यावर असो. तुझं नाताळचं पत्र बसच्या ड्रायव्हरने आज आणून दिलं. नवं वर्ष लागून गेलं तरी तुझं नाताळ त्याच्या खिशातच होतं! मी बोलले, तर उलट मलाच म्हणतो, "बाई, पत्र म्हणजे काय पाव आहे, शिळा व्हायला?"

पत्र वाचलं आणि आधी दार लावून घेतलं. अन्सेल्मो अंगणात होता, पण अशा गोष्टी नवऱ्याच्या कानावर कशाला घालायच्या? तुझं बंद होऊन सात वर्षं झाली, आणि आता परत डाग दिसले म्हणतेस. घाबरू नकोस. बाजारातल्या सेबास्तियानाला मी नाव न घेता विचारलं. पाला विकण्यात तिची हयात गेली. ती म्हणाली, "उष्णता आहे. नदीकाठी राहणारी बाई असेल, उन्हात बसत असेल." बघ, न सांगता ओळखलं! तिने बांधून दिलेला पाला या पत्रासोबत त्याच ड्रायव्हरकडे देते आहे. दुपारी प्यायला तेरेरेचा पाला भिजवतेस, त्याच थंड पाण्यात हाही कुटून टाक आणि रोज पी.

दवाखान्यात जाऊ का, असं विचारलंस. तिथली ती नर्स तुझ्या जावेची भाची ना? तिला कळलं म्हणजे पिलारच्या धक्क्यावर प्रत्येक नावाड्याला कळलं. विधवा बाईबद्दल लोक काय काय जोडतील! डॉक्टर कुठे पळून जात नाही. आधी मातेच्या कानावर घालू. मी काकूपेच्या मातेला नवस बोलले आहे की तुझे डाग थांबू देत, मग आमच्या चर्चच्या भिंतीवर तुझ्या नावाने आभाराची पाटी लावीन. पितळेची, पत्र्याची नव्हे. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी बाई मी. मी पितळ म्हटलं म्हणजे मनापासून म्हटलं हे तुला कळेलच.

झुनिल्दाला यातलं काही लिहू नकोस. ती पोरगी तिकडे ब्यूनस आयर्सच्या इस्पितळात दिवसभर माणसांच्या मांसाचे काप काचेवर चढवते. तिला आता प्रत्येक गोष्टीत रोगच दिसतो. आईचं असं काही कळलं तर नोकरी सोडून धावत येईल.

तुझी काळजी करणारी,
फिदेलिना

*

पिलार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

थांबलं! आठवडाभर वाट पाहिली, मग लिहायला बसले. अगदी स्वच्छ. सेबास्तियानाचा पाला तिच्या तोंडाइतकाच कडू आहे असं तिला सांग. नको, सांगू नकोस, पुढच्या वेळी आणखी कडू देईल.

ताई, तू नवस बोललीस हे वाचून मी रडले. हेरिबेर्तो गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं. दवाखान्यात जायचं म्हणून चांगला झगा काढून इस्त्री करून ठेवला होता, तो परत पेटीत घातला. खरं सांगू? झगा घडी करताना केवढं हलकं वाटलं. तिथं जाऊन त्या टेबलावर पाय पसरून पडायचं, या कल्पनेनेच माझं जेवण गेलं होतं.

शाळा सुरू होतील, पोरांच्या पांढऱ्या एप्रनांची शिवण आली आहे. मशीन दिवसभर चालू. कोंबड्या सोडल्या तर घरात दुसरा आवाज नाही, म्हणून मशीनचाच आधार.

तुझीच,
इदालिना

*

वियारिका, १५ मार्च

प्रिय इदा,

पाटी तयार झाली. काय देखणी झाली आहे म्हणून सांगू! "मिळालेल्या कृपेबद्दल काकूपेच्या मातेचे आभार. इदालिना व तिची बहीण." माझं नाव घातलं नाही. कृपा तुझी, मी फक्त मागणारी. अन्सेल्मो म्हणतो, "चार अक्षरं कमी केली असतीस तर पितळ वाचलं असतं." यांना वाटतं काटकसर यांनीच मला शिकवली.

गेल्या रविवारी मिस्सानंतर फादर सिल्वानोंनी सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्या भिंतीला नवी पाटी येते आहे. बायका भोवती जमल्या. पेर्पेतुआबाई, जिच्या तोंडून कधी बरा शब्द निघत नाही, तीसुद्धा माझे हात धरून म्हणाली, "तुझा शब्द वर पोचतो गं. माझ्या गुडघ्यांसाठीही सांग की." मी म्हटलं, "गुडघ्यांना माता नको, दुपारचं चकाट्या पिटत फिरणं कमी कर." सगळ्या हसल्या. इदा, अहंकार वाईट हे मला कळतं, पण त्या दिवशी मी घरी चालत नाही, तरंगत आले.

ईस्टरच्या रविवारी पाटीला आशीर्वाद द्यायचा आहे. तू यायलाच हवंस. चिपाचे पाव भाजायला रताळ्याच्या पानांची बैठक करीन, केळीच्या पानांची तुला आवडत नाही.

वाट पाहणारी,
फिदेलिना

*

पिलार, २० एप्रिल

प्रिय ताई,

मी आले नाही म्हणून रागावली असशील. नदीला पूर आला आहे, खालच्या आळीतले लोक शाळेत राहायला गेले. बसगाड्या मधेच अडकतात. माझे गुडघेही दुखतात. तू पेर्पेतुआला दिलेलं औषध मलाही देशील म्हणून सांगायची भीती वाटते.

पांढऱ्या एप्रनांचं काम मी सध्या शेजारच्या ओफेलियाला दिलं आहे. दिवसभर पांढरं बघून डोळे थकतात. गडद कापडाचं काही आलं तर घेते.

ताई, एक विचारायचं होतं. एकदा आभार मानून झाल्यावर त्याच गोष्टीसाठी मातेकडे परत मागितलं तर चालतं का? किंवा देवाचं देवाकडे ठेवून डॉक्टरकडून एकदा बघून घेतलं तर? इथे एक बाई विचारत होती. मी म्हटलं, माझ्या ताईला विचारून सांगते, तिला यातलं कळतं.

पाटी कशी दिसते? उजेड पडतो का तिच्यावर?

तुझी,
इदालिना

*

वियारिका, ३ मे

प्रिय इदा,

पाटीवर सकाळचा उजेड पडतो, खिडकीतून सरळ. दर शनिवारी लिंबू आणि राख लावून मी ती पुसते. फादर म्हणाले, "बाकीच्या पाट्यांना हेवा वाटेल." तर मी आता दोन-तीन शेजारच्याही पुसून टाकते.

त्या बाईला सांग, चालत नाही. पाटी लागली की मागणं आणि देणं दोन्ही पुरं झालं. त्यावर परत मागायचं, नाहीतर डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, म्हणजे मातेच्या हातून मिळालेलं नाणं दाताखाली धरून खरं-खोटं बघायचं. असं बाजारातल्या परक्या माणसाशी करावं, आईशी नाही. इतकी शंका होती तर भिंतीवर लिहायचंच नव्हतं, असं तिला स्पष्ट सांग. कोण आहे ही? ओफेलिया तर नव्हे? तिची श्रद्धा मला पहिल्यापासून पातळच वाटते.

गुडघ्यांना शेक दे. पुराचं पाणी उकळून पी.

फिदेलिना

*

ब्यूनस आयर्स, १० ऑगस्ट

मावशी,

नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात. जुलैच्या सुट्टीत मी घरी गेले होते. आई दारात उभी होती, तर मला वाटलं दुसरीच कुणी बाई आहे, इतकी ती उतरली आहे. कोंबड्यांच्या खुराड्यामागे, जिथे कुणी जात नाही, तिथे दोरीवर फडकी वाळत घातलेली दिसली.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

"काही नाही. बीट कापलं होतं."

"बीट? तुला तर बीट खाल्लं की उलटी होते."

"मग कोंबड्यांसाठी कापलं. तुला सुट्टी कशाला दिली, आईची उलटतपासणी घ्यायला?"

दोन दिवस भांडून, न बोलून, शेवटी मी तिला असुन्सियोनला नेलं. गर्भाशयाच्या अस्तरातून तुकडा काढला. कर्करोग आहे, मावशी. साधासुधा नाही, आडदांड जातीचा. पसरला आहे की नाही ते पोट उघडल्याशिवाय कळणार नाही. मी इथल्या माझ्याच इस्पितळात ऑपरेशन ठरवलं आहे, बावीस सप्टेंबरला. डॉक्टर म्हणतात, याहून उशीर नको.

आणि आई नाही म्हणते. भीतीने म्हणाली असती तर मी समजून घेतलं असतं. ती म्हणते, "ताईने भिंतीवर लिहून ठेवलंय की मी बरी झाले. आता मी पोट फाडून घेतलं तर ताईला तिथे तोंड दाखवता येईल का? आणि मातेला काय सांगू?" तिने तुझं मे महिन्यातलं पत्र माझ्यापुढे ठेवलं. कोर्टात कागद ठेवतात तसं. "हे बघ, चालत नाही म्हणून ताईनेच लिहिलंय."

ती "एक बाई" कोण होती, हे तुला तेव्हा खरंच कळलं नाही?

लहानपणी सुट्टीत मी तुझ्याकडे यायचे, तेव्हा तू मला प्रार्थना शिकवल्यास. मला अजून पाठ आहेत. पण ते पत्र वाचलं त्या दिवशी तू समोर असतीस तर मी काय बोलले असते, मला माहीत नाही.

झुनिल्दा

*

वियारिका, १९ ऑगस्ट

चि. झुनिल्दास,

तू बोलली असतीस ते सगळं मी ऐकून घेतलं असतं. तुझं पत्र आल्यापासून ते मीच स्वतःला बोलते आहे.

नाही, मला कळलं नाही. चाळीस वर्षं तिची पत्रं वाचते आहे. स्वल्पविरामावरून तिला सर्दी झाली आहे हे मी ओळखायची. आणि या वेळी तिने जवळजवळ माझा हात धरून विचारलं, तर मी ओफेलियाची श्रद्धा मोजत बसले. पांढरं कापड तिने का सोडलं, हेही आता कळतं. पत्र परत काढून बघितलं. सगळं लिहिलेलं आहे गं त्यात. ती सांगत होती आणि मी उपदेश करत होते.

आता मला खरं सांग. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई आहे, घर चालवते, जमाखर्च लिहिते. समजेल असं लिहिलंस तर समजेल. त्या पाल्याने हा रोग झाला का? सेबास्तियानाकडे गेले, तर ती म्हणते, "मी नाव विचारलं होतं का? तू सांगितलंस का?" तिचं खरं आहे. की मी देवाशी घासाघीस केली, अमुक दे म्हणजे पितळ देईन असं म्हटलं, त्याची ही शिक्षा? आणि जानेवारीतच ती दवाखान्यात गेली असती, तर?

गोड करून लिहू नकोस. माझ्या वाट्याचं असेल तेवढं मला दे.

तुझी मावशी

*

ब्यूनस आयर्स, २७ ऑगस्ट

प्रिय मावशी,

पहिल्या पत्रात नमस्कार राहिला होता, तो घे.

असुन्सियोनहून आईचा तुकडा मी बरोबर इथे आणला, त्याचे काप मीच कापले. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हटलं, नको, माझ्याइतके पातळ कुणी कापत नाही. तर मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.

शरीरातली एक पेशी दोन होते, तेव्हा आधी तिला आपल्या आतलं सगळं लिखाण उतरवून काढावं लागतं, हजारो पानांचं. या कामात टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला दार. ते दार उघडायला एक प्रथिन वेळेवर तयार होतं. अशा प्रथिनांना सायक्लिन म्हणतात. त्याने यायचं, दार उघडायचं, आणि काम झालं की शरीराने त्याला लगेच मोडून टाकायचं, म्हणजे दार परत मिटतं. येणं जितकं गरजेचं तितकंच मोडणं गरजेचं. आईच्या त्या पेशींत यातलं एक प्रथिन मोडलं जातच नाही. ते दाराला पाठ लावून उभं आहे. दार सताड उघडं, आणि पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत सुटल्या आहेत. तुमच्या वयात गर्भाशयाचं अस्तर पातळ आणि निवांत असायला हवं. त्याला आता कुणासाठी काही तयार करायचं नसतं.

मग थांबवणारं कुणी नाही का? आहे. पी-५३ नावाचं आणखी एक प्रथिन आहे, राखणदार म्हण. लिखाण उतरवताना चूक झाली की तो म्हणतो, थांब, आधी दुरुस्त कर. दुरुस्त होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावतो. निरोगी पेशीत तो इतका थोडा असतो की आम्ही त्याच्यासाठी रंग घातला तरी काच जवळजवळ कोरी राहते, कारण काम झालं की तोही मोडला जातो. आईच्या काचेवर मी रंग घातला आणि सगळं गडद तपकिरी झालं. प्रत्येक पेशी. नवशिकी मुलगी असती तर म्हणाली असती, अरे वा, केवढे राखणदार! पण तो बिघडलेला असतो तेव्हाच असा साठतो. बिघडलेल्याला कुणी मोडत नाही. नुसती गर्दी, मावशी. आणि त्या गर्दीतला एकही थांब म्हणत नाही.

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि बाहेर जाऊन बसले.

हे का बिघडतं? वय, आणि उतरवताना होणाऱ्या चुका. आईच्या बाबतीत याहून जास्त कुणाला सांगता येणार नाही. तुझ्या पाल्याने हे झालं नाही. नवसाने झालं नाही. पहिला डाग दिसला त्याआधीच हे चालू झालेलं होतं. आणि हेही ऐक, पाल्याने रक्त थांबलंही नाही. अशी गाठ ठिसूळ असते. ती वाहते, थांबते, परत वाहते. ते आपण होऊनच थांबलं होतं, आणि तुम्ही दोघींनी आभार मानले.

जानेवारीचं विचारलंस. तेव्हा कदाचित ती लहान असती. कदाचित तेव्हाही पसरलेली असती. ही जात पहिल्यापासून घाईची असते. मला खरंच माहीत नाही, आणि कळणारही नाही. पण ते महिने गेले हे खरं, आणि त्यात तुझा वाटा आहे. गोड करू नको म्हणालीस म्हणून लिहिते. माझाही आहे. ईस्टरला मी फोन केला होता, ओफेलियाच्या घरी. आई म्हणाली, "मी मजेत." तिचा आवाज मजेतला नव्हता. माझ्यामागे रांगेत चार माणसं उभी होती, मी फोन ठेवला.

आता माझ्या बोलण्याने ती हलत नाही. "तू नास्तिक झालीस," म्हणते, विषय संपतो. तिला फक्त तूच हलवू शकतेस. कसं ते मला सांगता येत नाही.

तुझी,
झुनी

*

वियारिका, ६ सप्टेंबर

प्रिय इदा,

झुनीने मला सगळं कळवलं आहे. तेव्हा बीट, गुडघे, पूर, सगळं बाजूला ठेव आणि हे वाच.

आज मिस्सा झाल्यावर मी पाटी काढली.

आधी फादरांना सांगितलं. म्हटलं, "फादर, माझी पाटी काढायची आहे." ते गोंधळले. "पितळ काळं पडलं का?" मी म्हटलं, "पितळ चांगलं आहे. त्यावर लिहिलेलं खरं नाही. माझी बहीण बरी झालेली नाही. तिला कर्करोग आहे, आणि ही पाटी भिंतीवर आहे म्हणून ती ऑपरेशन करून घेत नाही." त्यांनी दाराशी थांबलेल्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "काढायला मी नाही म्हणणार नाही, फिदेलिना, पण लोकांसमोर काढायची गरज नाही. दुपारी या, कुणी नसतं." मी म्हटलं, "लावली लोकांसमोर, तर काढायची पण लोकांसमोरच. नाहीतर उद्या पाटी चोरीला गेली म्हणतील."

अन्सेल्मोने पेचकस आणला होता. मी स्टुलावर चढले. बायका थांबल्याच होत्या. पेर्पेतुआ म्हणाली, "नवस परत घेता येतो होय? हे काय कापडाचं दुकान आहे?"

स्क्रू फिरेना. अन्सेल्मो म्हणाला, "उतर, मी काढतो." मी म्हटलं, "तुम्ही स्टूल धरा." मग मी पेर्पेतुआकडे वळून म्हटलं, "आभार खोटे नव्हते. घाईचे होते. डाग थांबले तेव्हा मी पाटीवाल्याकडे गेले, बहिणीला घेऊन डॉक्टरकडे जायला हवं होतं. ज्या कुणाला असे डाग असतील तिने माझ्याकडे पाला मागायला येऊ नये, दवाखान्यात जावं." एवढं चर्चमध्ये, पुरुषांच्या देखत. अन्सेल्मोचे कान लाल झाले, पण स्टूल त्यांनी सोडलं नाही.

भिंतीला चार भोकं राहिली आहेत. फादर बुजवून घेतो म्हणाले.

तर इदा, आता तू माझी लाज राखावीस अशी कोणतीच जागा तिथे उरली नाही. ती मी स्वतःच उखडली. मातेचं म्हणशील, तर मी तिच्यासमोर उभी राहून सांगितलं की चूक माझी होती, माझ्या बहिणीकडून वसूल करू नकोस. ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर झुनीचं पत्र आलं त्या दिवसापासून माझ्याकडून काही मागवतच नाही. माळ हातात घेते, मणी फिरतात, तोंड उघडत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

मे महिन्यात मी तुला लिहिलं ते फाडून टाक. तू तुझ्या जिवाचं विचारलंस आणि मी तुला शहाणपण शिकवलं. मोठी बहीण म्हणून मिरवले आणि तू कोंबड्यांमागे फडकी वाळवत होतीस, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. क्षमा माग म्हणशील तितक्या वेळा मागते, पण आधी ब्यूनस आयर्सच्या बसमध्ये बस. माझ्यावर राग म्हणून बस, झुनीची कटकट नको म्हणून बस, कशीही बस.

तुझी अपराधी,
फिदेलिना

*

ब्यूनस आयर्स, १८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

झुनीने ऑपरेशनचं तुला फोनवर कळवलं आहे, पण ती डॉक्टरांच्या भाषेत बोलते, म्हणून मी माझ्या भाषेत लिहिते. पिशवी काढली, शेजारचं सगळंही काढलं. पिशवीबाहेरच्या एका गाठीत रोग पोचलेला सापडला, पोटात आणखी कुठे दिसलं नाही. आता दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध देतात. पहिल्या वेळी इतक्या उलट्या झाल्या की मी नर्सला म्हटलं, "बाई, मला बीट दिलंत का?" झुनीला हसू आलं, मग ती रडली. किती दिवस मिळतील हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "आलात हे बरं केलंत."

ताई, तुझी सहा पत्रं आली. प्रत्येकात तू क्षमा मागतेस. प्रत्येक पत्राला मी, असं नको म्हणूस, तुझं काही चुकलं नाही, असं लिहायला घेते आणि मधेच दमून पेन ठेवते. म्हणून आज एकदाच लिहिते, मग आपण दुसरं काही बोलू.

तुझं मार्चमधलं पत्र आलं, पाटी तयार झाल्याचं, त्याच्या आधीच परत सुरू झालं होतं. मला तुला लिहिता आलं असतं की थांब, आशीर्वाद नको. मी लिहिलं नाही. मला वाटलं, पितळेवर कोरलंय तर शरीरही ऐकेल. नंतर तू चालत नाही म्हणून लिहिलंस, ते वाचून मला काय वाटलं माहीत आहे? सुटले असं वाटलं. खरंच. मला ते टेबल नको होतं, तो चाकू नको होता. मातेची भीती नव्हती, ताई, डॉक्टरची होती. पण तसं म्हटलं असतं तर झुनीने मला भित्री म्हटलं असतं. ताईची पाटी म्हटलं की मी श्रद्धाळू ठरत होते. ती तुझ्यावर चिडली तेव्हा मी तिला अडवलं नाही. मला सोयीचं होतं. तू स्टुलावर चढलीस हे वाचलं, तेव्हा माझ्या हातात सांगण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून मी आले.

हे वाचून तुझं ओझं उतरेल असं नाही, तू तशी नाहीस. तू मला विचारायला हवं होतंस, मी सांगायला हवं होतं. दोन्ही खरं. त्याचं तू काय करायचं ते कर, पण माझ्या खाटेवर आणून ठेवू नकोस. इथे जागा कमी आहे.

आता दुसरं. माझ्या शेजारच्या खाटेवर इतापुआची एक बाई आहे, देल्फिना. वय तुझ्याएवढं. तिलाही डाग येत होते, नातवाला शाळेत सोडून येताना स्वतःहून दवाखान्यात गेली. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. तिची तीस तारखेला ऑपरेशनची पाळी आहे आणि ती घाबरली आहे, माझ्यासारखीच. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं, पाटीपासून पेचकसापर्यंत. ती ऐकून घेते आणि विचारते काय, "तुमची बहीण अजून नवस बोलते का? माझ्यासाठी बोलेल?"

मी म्हटलं, "तुमच्या तपासण्या झाल्या आहेत, तारीख मिळाली आहे, मग हरकत नाही. विचारते."

तर ताई, तिच्यासाठी माग. नाव लिहून ठेव, देल्फिना रिवारोला. तुझं तोंड उघडत नाही म्हणतेस, पण ही परकी बाई आहे, हिच्यासमोर तुझा काही गुन्हा नाही. माळ घे आणि तिच्यासाठी माग, मोठ्याने माग.

माझ्यासाठी नको. माझ्यासाठी काही मागू नकोस आणि काही लिहू नकोस. माझ्यासाठी तू ये. पुढचं औषध पाच तारखेला आहे. झुनी कामावर असते, उलटीचं भांडं धरायला कुणी नसतं.

वाट बघते.

इदा